गंजणारी सुरी

हल्ली जिकडे तिकडे जपानी नाकिरीचं कौतुक. चौकोनी, पातळ पात्याची, फक्त भाज्यांसाठीची सुरी. चांगली असते, वाद नाही. पोलादात १ टक्क्याच्या आसपास कार्बन, म्हणून पातं कडक, धार बारीक आणि टिकाऊ. कांदा चिरला जातो, चेचला जात नाही. क्रोमियम नसल्यातच जमा, त्यामुळे टोमॅटो-लिंबाने काळी पडते, ओली ठेवली की गंजते. लोक हौसेने पुसून तेल लावतात. त्या काळेपणाला म्हणे ‘पॅटिना’!

अहो मंडळी, हीच लक्षणं लोहाराने ठोकलेल्या विळीची. ती मात्र ‘गंजकी’ म्हणून माळ्यावर गेली आणि स्टेनलेसची आली. साकाईच्या कारागिराला हजारो रुपये मोजताना हूं की चूं नाही. रस्त्याकडेला घण मारणाऱ्या घिसाडी बाईशी मात्र वीस रुपयांसाठी घासाघीस! ट्रकच्या जुन्या पाट्यातून पातं घडवायचं, त्याला पाणी द्यायचं, ही काय हमाली आहे?

खाली बसून चिरताना गुडघे दुखतात म्हणाल, तर तिला सुरीच घडवायला सांगा. हवी तशी करून मिळते. भाव करू नका. आणि हो, घरी आणल्यावर तीही पुसूनच ठेवा.