अकरावी-बारावीचा वर्ग पुन्हा भरवा!

कर्जत व खालापूर तालुक्यांतील पालक, विद्यार्थी, शिक्षक आणि संस्थाचालकांना जाहीर आवाहन



दहावीचा निकाल लागला की नेरळपासून खोपोलीपर्यंत आणि चौकपासून खांडसपर्यंत घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : ‘सायन्स घेतलंस ना? मग क्लास कुठला लावलास?’ कॉलेज कुठले, हे कुणी विचारत नाही. कॉलेज म्हणजे पटावर नाव, बारावीचा फॉर्म आणि प्रॅक्टिकलचे मार्क, एवढेच आपण सर्वांनी धरून चाललो आहोत. हे पत्रक त्या समजुतीविरुद्ध आहे. सीईटी, जेईई आणि नीटची तयारी आपल्या तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या वर्गात, कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या शिक्षकांकडून झाली पाहिजे. होत नसेल तर ती करून घेणे हे आपले काम आहे.

जमीन विकून विकत घेतलेली गैरहजेरी

आज ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ नावाने जे चालते ते नीट समजून घ्या. क्लासचालक आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्यात ठरते. मुलाचे नाव कॉलेजात, मूल दिवसभर क्लासच्या खोलीत. हजेरी कागदावर पूर्ण होते. वर्षभर करायची प्रॅक्टिकल बोर्डाच्या तोंडावर चार दिवसांत उरकली जातात. मुलाने ब्युरेट हातात धरलेली नसते, पण जर्नल पूर्ण असते. शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा निर्णय काढावा लागला, तो याच कारणाने.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, रँकची किंवा मार्कांची हमी देऊ नये, मूल मध्येच क्लास सोडून गेले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यात आहे. आणि शिकणाऱ्या मुलांचे क्लास त्यांच्या शाळा-कॉलेजच्या वेळेत घेऊ नयेत, असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या सोयीसाठी आपण लाखांत फी मोजतो, ती सोयच या सूचनांच्या विरोधात आहे.

आणि ही फी येते कुठून? कर्जत-खालापुरात फार्महाऊससाठी जमीन मागणारे गिऱ्हाईक बारा महिने दारात उभे असते. त्यामुळे फीचा मार्ग सोपा वाटतो : रस्त्यालगतचे दोन गुंठे काढायचे. पालकांनो, जमीन एकदाच विकता येते. थोरल्याच्या क्लासला गुंठे गेले, धाकटीच्या वेळी काय विकणार? आणि ज्या कातकरी कुटुंबाला वर्षातले काही महिने वीटभट्टीवर काढावे लागतात, त्याच्याकडे विकायला आहेच काय? त्याच्या मुलासाठी कॉलेजचा वर्ग हाच एकमेव क्लास आहे. तो वर्ग रिकामा ठेवणे म्हणजे त्या मुलाला शर्यत सुरू होण्याआधीच बाहेर काढणे होय.

प्रवासात जाणारी दोन वर्षे

कर्जत ते सीएसएमटी अंतर शंभर किलोमीटर. खोपोलीचा मुलगा कल्याणच्या क्लासला जातो, तेव्हा आधी एकेरी मार्गावरची कर्जत लोकल, मग पुढची गाडी. एक चुकली की पुढचे सारे कोलमडते. कशेळे-खांडसच्या मुलीला त्याआधी एसटी किंवा मिनीडोर गाठायची असते. रोजचे तीन-चार तास असे जातात. मूल घरी येते ते जेवून झोपण्यापुरते. पावसाळ्यात तर काहीच धरून चालता येत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांची सुटका करावी लागली. तोच आपल्या मुलांचा रोजचा मार्ग आहे.

सगळ्यांत आधी मागे राहते ती मुलगी. ‘रात्री साडेनऊच्या लोकलने एकटी येणार का?’ या एका प्रश्नावर तिचे सायन्स संपते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. पदवीची फी माफ झाली, पण त्या दारापर्यंत पोहोचण्याची तयारी गावापासून पन्नास किलोमीटर दूर ठेवली, तर ती सवलत कुणाच्या पदरात पडणार?

परीक्षा नेमकी काय मागते?

क्लासच्या फलकांनी या परीक्षांभोवती गूढ उभे केले आहे. ते उतरवून पाहू.

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात, प्रत्येकी एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर. पाया राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाचा, म्हणजे दप्तरातल्या बालभारतीच्या पुस्तकाचा. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकल्यास एक वजा. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, ३०० गुण. या दोन्हींचा आधार एनसीईआरटीची पुस्तके.

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद मुले आपल्याइतक्या किंवा त्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे कळले तर फलकावरचे ‘९९’ पाहून कुणी घाबरणार नाही आणि फसणारही नाही.

या सगळ्यासाठी तीन गोष्टी लागतात : संकल्पना समजावणारा शिक्षक, घड्याळ लावून सोडवलेले पेपर, आणि चुकलेले प्रश्न पुन्हा फळ्यावर घेणारा तास. यातली कोणती गोष्ट कर्जतच्या किंवा खोपोलीच्या वर्गात अशक्य आहे? उलट एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के गुण किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे. बारावीच्या प्रत्येक विज्ञान विषयात ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत. कॉलेज सोडून केलेली तयारी इथे उघडी पडते. अकरावी वाया घालवून बारावीत धावणे म्हणजे लावणीचा आठवडा चुकवून कापणीला विळा घेऊन जाणे आहे.

मराठी शाळेतल्या मुलाची पहिली सहामाही

झेडपीच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत मराठीतून शिकलेले मूल अकरावी सायन्सला येते आणि एका दिवसात सगळे इंग्रजी होते. ‘संवेग’ त्याला येतो, ‘मोमेंटम’ ऐकून ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण ‘कच्चा आहे’ म्हणतो. नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच आहे. फॉर्म भरताना माध्यम निवडायचे असते, हेही अनेकांना त्या दिवशी कळते. पहिल्या सहामाहीत दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहून शिकवणारा शिक्षक या मुलाला तारून नेतो. शहरातला क्लास हे करणार नाही, कारण त्याच्यासमोर दुसरी मुले बसलेली असतात.

‘पण कॉलेजात शिकवतंय कोण?’

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो खरा आहे. कित्येक ठिकाणी पद रिकामे आहे, तुकडी विनाअनुदानित आहे, शिक्षक तासिका तत्त्वावर आहे आणि त्याला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही. म्हणून तोच शिक्षक संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतो. माणूस तोच, फळा दुसरा आणि फी वेगळी. मग पैसा क्लासला देण्याऐवजी पद भरून घेण्यासाठी जोर का लावू नये? एकेका घराने लाखांत मोजायचे आणि तुकडीच्या शिक्षकासाठी साधा अर्जही करायचा नाही, ही आपली चूक आपण थांबवली पाहिजे.

‘लातूर पॅटर्न’चे नाव आपण ऐकतो. तो उभा राहिला राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांच्या आवारात. कॉलेजच्याच शिक्षकांनी जादा तास घेतले, चाचण्यांवर चाचण्या घेतल्या, कच्च्या मुलांना वेगळे बसवून शिकवले. दुष्काळी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याने मुंबई-पुण्याला मागे टाकले ते असे. पुढे त्याभोवती क्लासचा बाजार वाढला. २०२४ च्या नीट गैरप्रकारांची चौकशी लातूरपर्यंत पोहोचली आणि तिथे अटकाही झाल्या. घ्यायचा तर धडा पहिल्या लातूरचा घ्या.

कागदासाठी प्रवेश जाऊ देऊ नका

पर्सेंटाइल मिळाले आणि जात वैधता नाही म्हणून जागा गेली, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावनमुन्यातली जन्मनोंद आतापासून शोधा. ठाकर-ठाकूर बांधवांनी लक्षात ठेवावे : आप्तसंबंध चाचणी ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले आहे.

जे मोफत आहे ते आधी घ्या

राज्य शासनाच्या महाज्योती संस्थेकडून इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि डेटा मिळतो. अर्ज दहावीनंतर लगेच भरायचा असतो. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचे ‘साथी’ संकेतस्थळ २०२३ पासून सर्वांना मोफत आहे. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवता येतात. आणि सुरुवात पाचवीतच करा : आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे, त्याच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. आठवीत एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते.

आमच्या मागण्या

१. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक विज्ञान तुकडीची रिक्त पदे जून महिन्यात वर्ग भरण्याआधी भरावीत.

२. हजेरी खरी घ्यावी आणि दर महिन्याला सूचना फलकावर लावावी. नाव एका ठिकाणी, शिक्षण दुसऱ्या ठिकाणी ही पद्धत बंद व्हावी.

३. वेळापत्रकात आठवड्याचे चार तास सीईटी-नीटच्या सरावाचे असावेत आणि दर पंधरवड्याला घड्याळ लावून चाचणी व्हावी. कॉलेजच्या संगणकांवर मुलांना सीईटीचा ऑनलाइन सराव मिळावा.

४. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत मराठी माध्यमाच्या मुलांसाठी रोज एक द्विभाषिक तास असावा.

५. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत विज्ञानाची पुस्तके, प्रश्नसंच, इंटरनेट आणि रात्री दहापर्यंत दिवे असलेली अभ्यासिका असावी.

६. कर्जत, नेरळ, कशेळे, खोपोली, चौक आणि मोहोपाडा येथे सार्वजनिक अभ्यासिका नगरपालिका व ग्रामपंचायतींनी चालवाव्यात. परीक्षेच्या दिवशी केंद्रापर्यंत एसटीची जादा गाडी सोडावी.

आता आपण काय करायचे?

पालकांनी येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडावा आणि तो लिहून घ्यावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. पालक-शिक्षक सभेला आई-वडिलांपैकी एकाने तरी जावे. कागदावर सही करण्याआधी क्लासच्या फीची पावती आणि परताव्याची अट लेखी मागावी.

शिक्षकांनो, तुमच्याविरुद्ध हे पत्रक नाही. तुमचा तास भरावा, तुमचे पद कायम व्हावे, यासाठीच ते आहे.

मुलांनो, तुमच्या डोक्याला कमी समजू नका. रोज वर्गात बसा, न कळलेले त्याच दिवशी विचारा, जुने पेपर वेळ लावून सोडवा, चुकांची वेगळी वही ठेवा. चार-पाच जण मिळून बसा. आणि एका परीक्षेत गुण कमी आले म्हणून मन खचू देऊ नका. दहावीच्या गुणांवर पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला प्रवेश घेता येतो आणि तिथून थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंगला जाता येते. लोणेऱ्याचे विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

१९१५ पासून खोपोलीच्या आणि १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. रसायनीपासून सावरोलीपर्यंत कारखाने उभे राहिले. या भूमीवर उद्योग शंभर वर्षे आहे आणि तरी आपली मुले त्याच्या गेटवर कंत्राटी कामासाठी रांग लावतात. याच मातीतल्या हुतात्मा भाई कोतवालांनी वकिलीची पदवी घेऊन आदिवासी-शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, गावांतून शाळा सुरू केल्या. त्या शाळांना क्लासची फी नव्हती. २ जानेवारीला, त्यांच्या हौतात्म्यदिनी, सिद्धगडावर हार घालायला आपण जातो. त्यांचे काम पुढे न्यायचे असेल तर आपल्या गावातल्या मुलाला शिकण्यासाठी जमीन विकावी लागणार नाही, अशी व्यवस्था उभी करावी लागेल.

येत्या ग्रामसभेला या. एकटे येऊ नका, शेजारच्या घराला घेऊन या. हे पत्रक वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हाती द्या.

आपला,
दोन्ही तालुक्यांतल्या मुलांना शिकवलेला एक निवृत्त विज्ञान शिक्षक