शल्यचिकित्सकांची खातेवही

एखादी व्यावसायिक संघटना सरकारदरबारी निवेदन घेऊन गेली, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की यात यांचे स्वतःचे किती आणि लोकांचे किती? आपल्या व्यापारी मंडळांनाही हा प्रश्न वारंवार विचारला जातो. डॉक्टरांच्या संघटना त्याला अपवाद कशा असतील? अमेरिकेतील शल्यचिकित्सकांची मोठी संस्था म्हणजे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’. नावात कॉलेज असले तरी ते महाविद्यालय नव्हे, ती सभासदांची संस्था आहे. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतून शल्यचिकित्सकांना मिळणाऱ्या शुल्कात कपात होऊ नये, म्हणून ही संस्था दरवर्षी वॉशिंग्टनमध्ये जोर लावते. त्यात गैर काही नाही. आपल्या मेहनतान्याची बाजू प्रत्येक व्यवसाय मांडतो. परंतु याच संस्थेने आपल्या बाल्यावस्थेत एक वेगळी मागणी केली होती आणि ती सरकारकडे नव्हे, स्वतःच्याच व्यवसायाकडे केली होती. माझ्यासारख्या, सारा जन्म खातेवह्या तपासण्यात गेलेल्या माणसाला ती कथा विशेष भावते.

संस्था १९१३ साली शिकागोचे डॉ. फ्रँकलिन मार्टिन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. रुग्णालयांचा दर्जा ठरवण्यासाठी तिने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन. मनुष्य विलक्षण हट्टी. त्यांचे म्हणणे एका ओळीत सांगता येते: शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे, वर्षभराने त्याची पुन्हा चौकशी करावी आणि उपचार फसला असेल तर तो का फसला हे त्या कार्डावर लिहावे. व्यापाऱ्याला यात नवल वाटणार नाही. माल विकला गेला एवढ्यावर कोणी खाते बंद करत नाही, वसुली झाली की नाही हे पाहतोच. परंतु रुग्णालयांच्या वह्या तेव्हा रुग्ण दाराबाहेर पडला की मिटत असत.

कॉडमन यांनी बोस्टनमध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याची नोंद त्यांनी स्वतःच केली आणि ती छापून प्रसिद्धही केली. आपल्याच दुकानाचा तोटा चव्हाट्यावर मांडणारा असा दुकानदार विरळाच! १९१५ साली एका सभेत त्यांनी भले मोठे व्यंगचित्र उघडे केले. त्यात वाळूत डोके खुपसलेले शहामृग सोन्याची अंडी देत होते आणि डॉक्टरमंडळी ती वेचत होती. शहामृग म्हणजे शहरातील धनिक रुग्ण, हे सर्वांना कळले. प्रतिष्ठितांचा संताप अनावर झाला आणि स्थानिक वैद्यक मंडळातील अध्यक्षपद कॉडमन यांना सोडावे लागले.

कल्पना मात्र संस्थेत मुरली होती. १९१७ साली संस्थेने रुग्णालयांसाठी ‘किमान मानक’ तयार केले. ते अवघ्या एका पानाचे होते. डॉक्टरांचा संघटित वर्ग असावा. ते पात्र व सचोटीचे असावेत. त्यांनी नियमित बैठक घेऊन आपल्या कामाचे परीक्षण करावे. प्रत्येक रुग्णाची पूर्ण नोंद असावी. प्रयोगशाळा व एक्स-रेची सोय असावी. सचोटीच्या कलमात एक वाक्य स्पष्ट होते, की रुग्ण पाठवल्याबद्दल शुल्काची वाटणी कोणत्याही नावाखाली करू नये. ज्याला आपल्याकडे सर्रास ‘कट’ म्हणतात, तीच ही गोष्ट. दलाली हा बाजारात उघड आणि मान्य व्यवहार आहे, कारण दोन्ही बाजूंना ती ठाऊक असते. रुग्णाला आपली दलाली दिली गेल्याचे कळतही नाही. भारतातही वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत तिला मनाई आहे. मनाई कागदावर असणे निराळे, हे वाचकांना मी सांगायला नको.

पुढे तपासनीस निघाले. शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये पाहिली गेली. त्यांपैकी त्या एका पानाच्या कसोटीला उतरली केवळ ८९. ऑक्टोबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात हे आकडे जाहीर झाले. नावे मात्र जाहीर झाली नाहीत. अनुत्तीर्णांत देशभर नावाजलेली रुग्णालये होती. यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून त्याच रात्री ती हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली.

या कृत्याचे समर्थन अनेक जण करतात. नावे फुटली असती तर पुढच्या वर्षी कोणी तपासनिसाला दारात उभे केले नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. लेखापरीक्षकालाही खातेदाराच्या सहकार्यावाचून काम करता येत नाही. तरीही मला हे पटत नाही. उरलेल्या ६०३ रुग्णालयांत दुसऱ्या दिवशी सकाळीही रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढले. जी गोष्ट संस्थेला ठाऊक होती, ती त्यांना ठाऊक नव्हती.

काम पुढे चालू राहिले, हे मात्र संस्थेच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. तपासणी दरवर्षी होऊ लागली, मान्य रुग्णालयांची नावे प्रसिद्ध होऊ लागली आणि १९५० पर्यंत त्यांची संख्या ३,२०० च्या वर गेली. १९५१ मध्ये इतर वैद्यकीय व रुग्णालय संघटनांसह एक संयुक्त आयोग स्थापन होऊन ही जबाबदारी त्याच्याकडे सोपवली गेली. १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला, तेव्हा या आयोगाची मान्यता ही सरकारी योजनेत प्रवेशाची वाट ठरली. शल्यचिकित्सकांनी स्वतःसाठी आखलेले एक पान अशा रीतीने देशाच्या कायद्यात पोहोचले. कॉडमन तोवर हयात नव्हते. १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या दफनस्थळी नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसवला गेला, आणि त्यात पुढाकार घेणाऱ्यांत हीच संस्था होती.

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांना देणग्या देतात, विश्वस्त म्हणून बसतात. वार्षिक सभेत ताळेबंद येतो, नव्या यंत्राचे छायाचित्र येते, किती शस्त्रक्रिया झाल्या तो आकडा येतो. त्यांतले किती रुग्ण वर्षभराने बरे होते, हा रकाना मी अजून कोणत्याही अहवालात पाहिलेला नाही. येत्या सभेत कोणी विश्वस्ताने तो मागून पाहावा.