‘पहिला’ म्हणणं आता पुरे

बाबूराव पेंटर यांच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या ओळीत ‘पहिला’ येतोच. पहिला स्वदेशी कॅमेरा, पहिला वास्तववादी चित्रपट. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत कुणी ‘हे आम्हीच पहिल्यांदा केलं’ म्हणालं की लगेच प्रश्न येतो: बरं, आज चालतंय का ते?

तोच प्रश्न इथे विचारू. ‘सावकारी पाश’ १९२५चा. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. ज्याचं आपण एवढं कौतुक करतो, तो मूकपट आज उपलब्धच नाही. म्हणजे आपला अभिमान न पाहिलेल्या चित्रपटावर उभा आहे. त्या काळच्या प्रेक्षकांनीही त्याला थंडा प्रतिसाद दिला आणि पेंटर पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले. हा भाग गौरवलेखांतून सोयीस्करपणे गळतो.

‘नायट्रेटची फिल्म होती, जळायची, सडायची, कोण काय करणार?’ असं उत्तर मिळतं. फिल्मबद्दल ते खरंच आहे. पण पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. मधली ३९ वर्षं काही नायट्रेटने खाल्ली नाहीत.

आणि ‘पहिला’ या शब्दाखाली खरी गोष्ट दबते, ती म्हणजे त्यांची नजर. हा माणूस नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आला. सिनेमात मात्र त्याने रंगवलेला पडदाच हटवला आणि माणसं वावरू शकतील असं भरीव नेपथ्य उभं केलं. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. वेशभूषा, हालचाली आधी कागदावर रेखाटल्या. ज्या कामात हात बसलाय तेच नव्या माध्यमात नडतंय, हे ओळखून सोडून देणं किती अवघड असतं, ते जुना कोड पुसावा लागलेल्या कुणालाही विचारा. दामले, फत्तेलाल, शांताराम कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हेच शिकले आणि १९२९ साली त्यांनी ‘प्रभात’ काढली. पेंटरांचा वारसा हा आहे. क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

पेंटर चित्रपटांची माहितीपत्रकं छापत, पोस्टर स्वतः रंगवत. कोल्हापुरात कुणाच्या माळ्यावर असा एखादा कागद असेल, तर तो फोनवर नीट स्कॅन करा आणि संग्रहालयाला कळवा. जयंतीच्या पोस्टपेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.