हस्तर, परत येऊ नकोस रे!

तुमच्या ऑफिसात सिनेमावर तावातावाने बोलणारी चार टाळकी असतील, तर हा वाद एव्हाना होऊन गेला असणार. 'तुंबाड'चा दुसरा भाग हवा की नको? एक पार्टी म्हणते, हवा म्हणजे काय, कालच हवा होता! दुसरी म्हणते, हात लावाल तर खबरदार. गंमत म्हणजे दोघांचंही त्या सिनेमावर सारखंच प्रेम. सासू-सुनेसारखं. मुलगा एकच, जीव दोघींचा.

(ज्यांनी अजून पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबा. पुढे शेवट सरळ फोडलेला आहे. आधी पाहून या, अंक कुठे पळून जात नाही.)

थोडी उजळणी. राही अनिल बर्वेने या गोष्टीचा पहिला खर्डा १९९७ मध्ये लिहिला. बीज नारायण धारपांच्या भयकथेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं (कादंबरीशी बाकी काही संबंध नाही, उगाच शोधत बसू नका). शूटिंग २०१२ मध्ये सुरू झालं, अडलं, पुन्हा झालं. पडद्यावर जो न थांबणारा पाऊस दिसतो, त्यासाठी या मंडळींनी खरेखुरे पावसाळे घालवले, एक नाही, कित्येक. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात 'क्रिटिक्स वीक'चं उद्घाटन या सिनेमाने झालं. १२ ऑक्टोबरला तो आपल्याकडे लागला आणि आपण काय केलं? फारसं काही नाही. नंतर निवांत लॅपटॉपवर पाहिला आणि मग जो भेटेल त्याला 'बॉस, तुंबाड पाहिलास का?' विचारत सुटलो. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. त्याच दिवसांत निर्माता आणि नायक सोहम शाहने 'तुंबाड २'ची घोषणा केली. पाठोपाठ बर्वेने सांगितलं, की मी त्यात नाही. वादाला खरी फोडणी बसली ती इथे.

हवा-पार्टीकडे मुद्दे नाहीत असं अजिबात नाही. एक तर फारच भारी आहे. पहिल्या भागात तुंबाडचा वाडा ज्या म्हाताऱ्याचा, त्याला सगळे 'सरकार' म्हणतात. शेवटी, १९४७ मध्ये, वाडा ताब्यात जातो तोही सरकारच्याच! म्हणजे ती विहीर, तो गर्भ आणि आतला सोन्याचा मालक हस्तर, सगळं आता सरकारी मालमत्ता. फाइल कोणाच्या टेबलावर गेली असेल? पाहणी करायला कोण उतरलं असेल? रात्री वाड्यावर पहारा द्यायला ठेवलेल्या शिपायाचं काय झालं असेल? खरं सांगते, हे ऐकल्यावर पाच मिनिटं मीही पार्टी बदलली होती.

नको-पार्टीचं आवडतं वाक्य मात्र मला पटत नाही. 'हावेवरच्या सिनेमाचा सिक्वेल काढणं हीच हाव!' टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण अन्यायाचं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं या सिनेमात पैसे आणि स्वतःची उमेदीची वर्षं अडकवली, पहिल्या वेळी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, त्याने आता चार पैसे मिळवायचं म्हटलं तर त्याला हस्तर कशाला म्हणायचं? त्याने काही रात्री वाड्यात शिरून नाणी नाही पळवली.

माझं घोडं अडतं ते सिनेमाच्या शेवटाशी.

आठवा. विनायक पुण्याहून तुंबाडला जातो. विहिरीत उतरतो, कणकेची बाहुली टाकतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात याने लंगोटातून नाणी ओरबाडायची आणि दोर धरून वर. एका खेपेला मूठभर नाणी. ती संपली की पुढची खेप. आपल्या नोकरीपेक्षा फार वेगळं नाही हे! पगार संपला की पुन्हा विहीर. आणि मग त्याचा पोरगा, पांडुरंग, एक साधा प्रश्न विचारतो: मूठभर कशाला, अख्खा लंगोटच का नाही आणायचा? नव्या पिढीची आयडिया. जास्त बाहुल्या नेल्या की काम फत्ते. प्रत्यक्षात जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. बाप त्यांना स्वतःच्या अंगावर घेतो, पोरगा वाचतो. आणि मग तो सडत चाललेला बाप सोन्याने भरलेला तो लंगोट पोरापुढे धरतो. पोरगा घेत नाही. बापाला आग लावतो आणि निघतो.

ज्याची आयडिया, त्याचाच नकार. पांडुरंग झालेल्या मोहम्मद समदनेच मेकअपखाली ती साखळदंडात बांधलेली, शाप लागलेली म्हातारीही केली आहे, हे कळल्यावर तर मला तो प्रसंग पुन्हा पाहावासा वाटला. हावेने सडलेला देह आणि हाव नाकारणारा देह, दोन्हींमध्ये एकच पोरगा!

आता दुसरा भाग काढणार कसा? पांडुरंग परत विहिरीकडे गेला, तर त्याच्या त्या नकाराची किंमत शून्य. दुसरं कोणी गेलं, तर पहिलीच गोष्ट महागड्या व्हीएफएक्सने पुन्हा. शिवाय हस्तरची भीती होती ती नियम माहीत नसल्यामुळे. कणिक, रिंगण, बाहुली, दोर... आता हे आपल्याला तोंडपाठ आहे. रेसिपी पाठ झालेल्या भुताला कोण घाबरणार?

मराठी प्रेक्षकाला हे नवीन नाही. १९९३ चा 'झपाटलेला' आणि २०१३ चा 'झपाटलेला २' आठवा. रामदास पाध्यांचा बाहुला तोच, प्रभावळकरांचा आवाज तोच, वर थ्रीडीसुद्धा. पण २००४ मध्ये लक्ष्या गेला होता. तात्या विंचू परत आणता येतो. तो दिसल्यावर ततपप करणारा लक्ष्या कुठून आणणार? आपल्याला वाटत होतं, आपण बाहुल्यावर फिदा आहोत.

'तुंबाड'मध्येही आपण नक्की कशावर फिदा आहोत, हे एकदा तपासायला हवं. मला विचाराल तर हस्तरवर नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर, अंधारात जेमतेम उजळणाऱ्या चेहऱ्यांवर, कोकणातल्या पावसावर. हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं, त्याच्याकडे म्हणे स्वतःची त्रयी तयार आहे. 'तुंबाड' त्यातला पहिला सिनेमा, पुढचे 'पहाडपांगिरा' आणि 'पक्षितीर्थ'. 'पहाडपांगिरा'वर सतीच्या प्रथेची सावली असेल, असं बर्वेने २०२४ मध्ये म्हटलं होतं. तिथे हस्तर नसला तरी माझी काही तक्रार नाही.

यावर हवा-पार्टीचा एक मित्र मला म्हणाला, "एवढं बोलतेस, पण 'तुंबाड २' लागला तर पहिल्या दिवशी तूच पहिली असशील ना?"

असेन की. त्याचं तिकीटही मीच काढणार आहे. भीती वाटली तर कोणाचा तरी हात धरायला हवा ना!