वैमानिकाची झोप आणि मालकाचे वेळापत्रक

२०२५ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जो हलकल्लोळ माजला, त्याचे स्मरण प्रवाशांच्या मनातून अद्याप पुसले गेले नसेल. इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांनी संप पुकारला होता असे नव्हे. त्यांना पुरेशी विश्रांती द्यावी असा नियम अमलात आला आणि तो पाळण्याची तजवीज कंपनीने केली नव्हती, हेच त्या अनर्थाचे मुख्य कारण होते.

हा नियम काही रातोरात आला नव्हता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केला होता. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली. रात्रीच्या कामगिरीत विमान उतरविण्याची मर्यादा ६ वरून २ वर आणली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर जुलै व नोव्हेंबर २०२५ असे अंमलबजावणीचे दोन टप्पे ठरले. एवढा अवधी मिळूनही कंपनीची तयारी नव्हती. आणि गोंधळ होताच रात्रपाळीच्या नियमांतून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली. पुढे तिची उड्डाणे कमी करावयास लावली हे खरे; पण त्याआधीच नियम वाकविला गेला होता.

या ढिलाईची किंमत काय असते, हे आपण मंगळूर येथे पाहिले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान तेथे पहाटे कोसळले व १५८ माणसे प्राणांस मुकली. मुख्य वैमानिक प्रवासात सुमारे पावणेदोन तास झोपला होता. चौकशीत त्याच्या घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आढळला. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्यास तीनदा सुचविले; झोपेच्या गुंगीतून न सावरलेल्या त्या माणसाने वेळीच ऐकले नाही.

उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या श्वासाची मद्यासाठी तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु सतत १७ तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी मंदावते, असे संशोधक सांगतात. ही थकावट मोजणारे यंत्र विमानतळावर नाही. तेथे वैमानिकाचा शब्द हाच काय तो पुरावा. 'मी थकलो आहे' असे म्हणणाऱ्यास उद्या गैरसोयीची पाळी मिळणार असेल, बढती अडणार असेल, तर तो शब्द उच्चारील कोण?

वैमानिकांना गलेलठ्ठ पगार मिळतो, असे कोणी म्हणेल. पगार कामाचा असतो. बुडालेल्या झोपेची भरपाई त्याने होत नाही. तिकिटे महागतील, असेही म्हटले जाईल. महागोत, थकल्या हातांनी मिळणारी स्वस्ताई आम्हांस नको.

थकव्याची तक्रार करणाऱ्यास शिक्षा होऊ नये व त्याचे नाव गुप्त राहावे, असे महासंचालनालयाने २०२४ मध्येच सांगितले आहे. परंतु त्या तक्रारींची छाननी कंपनीकडेच राहिली, तर आरोपीनेच न्यायासनावर बसावे तसे होईल. ती स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवावी, निष्कर्ष प्रसिद्ध करावेत आणि सूड उगविणाऱ्या मालकास जबर दंड व्हावा, अशी आमची मागणी आहे. वैमानिकाची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे; तिच्यावर पहिला हक्क पाठीमागे निर्धास्त झोपलेल्या प्रवाशाचा आहे.