घरमालक संघटनेत जावे का?

सांगली-मिरजेत घरावर दोन खोल्या चढवून त्या भाड्याने देणारी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. मिरजेत दवाखान्यांमुळे, विश्रामबागेत वालचंद कॉलेजमुळे आणि कुपवाडात औद्योगिक वसाहतीमुळे खोल्यांना मागणी असते. कोणाकडे हे भाडे जोडउत्पन्न असते. एखाद्या बेवा बहिणीच्या घरी मात्र किराणा, मुलांची फी आणि औषधपाणी त्याच पैशांवर चालते. अशा घरी 'घरमालक संघटनेचे सभासद व्हा' असे कोणी सांगत आले की प्रश्न पडतो, वर्गणी भरावी की नाही?

आमचे मत असे की संघटना वाईट नाही. पण सभासद होण्याआधी तिचे कागद पाहावेत आणि ती भाडेकरूंविषयी काय बोलते तेही ऐकावे.

संघटनेने काय साधते याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती सरकारला ताब्यात घेता येतील, अशी तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आली. तिच्याविरुद्ध प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन ही मालकांची संघटना न्यायालयात गेली. १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या या प्रकरणात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. बत्तीस वर्षे कोर्टकचेरी करणे एकट्या घरमालकाच्या आवाक्यातले नव्हते. पण हा प्रश्न मुंबईच्या जुन्या चाळींचा होता. आपले प्रश्न वेगळे आहेत: घरपट्टी, करारनामा, मुदत संपूनही खोली न सोडणारा भाडेकरू, आणि कृष्णेचा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा किती घरांच्या तळमजल्यावर भाडेकरू राहत होते! त्या महिन्याचे भाडे घ्यायचे का, भिंती-फरशीचा खर्च कोणी करायचा, यावरून कुरबुरी झाल्या नसत्या तरच नवल. ज्या संघटनेला या गोष्टींची माहिती आहे, ती आपल्या कामाची.

संघटना कायद्याच्या वर नसते, हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. '११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि त्या खोट्या असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भाडेकरूला घालवण्यासाठी पाणी किंवा वीज तोडण्यासही हा कायदा मनाई करतो. 'नळ बंद करा, आपोआप जाईल' असा सल्ला देणारा पदाधिकारी भेटला तर तिथूनच सलाम करून परतावे.

आता निवड कशी करावी? पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि विचारताना संकोच करू नये.

पहिली, नोंदणी. संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का? असल्यास नोंदणी क्रमांक मागावा.

दुसरी, हिशेब. दरवर्षी लेखापरीक्षण होते का, आणि सभासदांना जमाखर्च दाखवतात का? वर्गणीची पावती नसेल तर पैसे देऊ नयेत.

तिसरी, निवडणूक. पदाधिकारी ठरावीक मुदतीने बदलतात, की वर्षानुवर्षे एकाच घरात पद आहे? दोन खोल्यांच्या मालकिणीला तिथे बोलू देतात, की वीस गाळ्यांचा मालक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात?

चौथी, प्रत्यक्ष मदत. कराराचा मसुदा, नोंदणी, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे, घरपट्टीवर मुदतीत हरकत घेणे, यात कोण मदत करते? मसुदा घरी आणून वाचावा. उशिरा आलेल्या भाड्यावर व्याज, किंवा भाड्याऐवजी मोठी अनामत, अशी कलमे त्यात असतील तर सही करण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

पाचवी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही संघटना 'कोणाला खोली द्यायची नाही' याची यादी करते का? आडनाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यातल्या पुष्कळ मुलांनी पुण्या-मुंबईत घेतला आहे. दरवाजातून परत फिरताना काय वाटते, हे आपण जाणतो. मग मिरजेत नर्सिंग शिकायला आलेल्या परगावच्या मुलीला किंवा कुपवाडात कामाला आलेल्या परप्रांतीय मजुराला जात, धर्म, भाषा बघून नाकारणाऱ्या यादीखाली आपले नाव कसे असावे? भाडेकरू भाडे देतो का, नीट राहतो का, एवढेच पाहणे रास्त आहे.

करार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. देवघेव लिहून घ्यावी, साक्षीदार ठेवावेत, हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सविस्तर आले आहे. अनामत रक्कम तर नावाप्रमाणेच अमानत आहे. खोली सोडताना ती वाजवी हिशेबाने परत करणारा मालक कुठल्याही संघटनेत शोभेल.

आणि मनासारखी संघटना मिळालीच नाही तर? संस्था नोंदवायला सात माणसे पुरतात. मोहल्ल्यातल्या सात घरमालकांनी, त्यात निदान दोन-तीन बहिणी असाव्यात, एकत्र बसून आधी एवढेच करावे: प्रत्येकाचा करारनामा काढून पाहावा, नोंदणी राहिली असेल ती करून घ्यावी, आणि घरपट्टीची बिले शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावीत. संस्थेला नाव काय द्यायचे, ते नंतरही ठरवता येईल.