लिंबाच्या वासाचे पाणी

दिवाळी अंकात बिअरवर लेख, आणि तोही एका शाळामास्तराचा! काही वाचक-भगिनींच्या भुवया एव्हाना वर गेल्या असतील. त्यांना आधीच सांगतो की, कोणी बिअर प्यावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. न पिणारा माणूस सुखी आहे. त्याने खुशाल चकलीवर ताव मारावा. माझे भांडण पिण्याशी नाही, नावाशी आहे. एका जुन्या, प्रामाणिक वस्तूचे नाव घेऊन तिच्या जागी भलतेच काही विकले जाते, तेव्हा न पिणाऱ्यानेही तोंड उघडले पाहिजे. आज बिअरची पाळी आहे. तुपाची तर केव्हाच येऊन गेली.

बिअर म्हणजे काय? आपल्या आया लेकरांसाठी नाचणीचे सत्त्व करतात ना, त्याचीच ही थोरली, वांड बहीण. जव भिजत घालायचे, त्यांना मोड आणायचे, वाळवून भाजायचे. मग भरडून ऊन पाण्यात मुरवायचे आणि गोड रस काढायचा. हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तो उकळायचा आणि यीस्ट घालून आंबत ठेवायचा. बव्हेरियात १५१६ साली आज्ञाच निघाली होती की, बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये.

आता अमेरिकेतल्या बड्या कारखानदारांनी काय केले ते पाहा. १९७५ साली ‘मिलर लाइट’ देशभर विकायला आली, १९८२ साली ‘बड लाइट’ आली. युक्ती सोपी. धान्यातला जो अंश एरवी आंबत नाही आणि बिअरला अंग देतो, तोही जादा विकरे घालून फोडायचा, आंबवून टाकायचा आणि वर पाणी घालायचे. साध्या बडवायझरच्या बारा औंसांत १४५ च्या आसपास उष्मांक, ‘लाइट’मध्ये ११०. म्हणजे बचत किती? बेसनाच्या लाडवाचा एक घास!

पण चव काढून घेतली की माणूस विचारतो, चव कुठे आहे? त्याला उत्तर म्हणून २००८ साली ‘बड लाइट लाइम’ आली. आधी भाजणीतला जीव काढायचा, मग चकलीवर मसाल्याची पूड भुरभुरायची, असा हा प्रकार. २०१२ साली तर कहर झाला. ‘बड लाइट लाइम-अ-रिटा’ नावाचा आठ औंसांचा डबा निघाला. त्यात मद्यांश ८ टक्के आणि उष्मांक २२०! मूळच्या बड लाइटमध्ये मद्यांश ४.२ टक्के. तरी डब्यावर ‘लाइट’ हा शब्द होताच. माझ्या वर्गातल्या पोराने असा अर्थ लावला असता, तर मी त्याला बाकावर उभे केले असते. आणि हे गोड, रंगीत डबे कोणाला खुणावतात? ज्याला बिअरचा कडूपणा अजून रुचत नाही, त्या कोवळ्या जिभेला. मास्तर म्हणून मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

“लोकांना आवडते ते द्यावे,” असे व्यापारी म्हणतो. गाइडे छापणाराही हेच म्हणतो. पण लोकांना दुसरे मिळतच नसेल, तर आवड ठरणार कशी? १९७०च्या दशकाअखेर साऱ्या अमेरिकेत बिअरचे शंभराहून कमी कारखाने उरले होते. कपडे धुण्याची यंत्रे करणाऱ्या घराण्यातल्या फ्रिट्झ मेटॅगने १९६५ साली सान फ्रान्सिस्कोची बुडायला आलेली ‘अँकर’ हाती घेतली. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअर करणे कायदेशीर झाले. १९८० साली केन ग्रॉसमनच्या ‘सिएरा नेव्हाडा’ने हॉपचा खरा कडूपणा परत आणला. आज तिथे ९००० हून अधिक भट्ट्या आहेत. आवड नव्हती, तर हे सारे पितो कोण?

कोणी म्हणेल, कारागीरही फळे घालतातच की! घालतात. ब्रुसेल्सजवळ आंबट चेरी महिनोन्‌महिने बिअरच्या पिंपात मुरवतात. तिथे फळ बिअरबरोबर आंबते, तिचे अंग होते. उणीव झाकायला ते आणलेले नसते. आणि लहान भट्टीतही अर्काची बाटली उपडी करणारे महाभाग असतील, तर त्यांनाही माझे हेच बोल लागू.

हे कारागीर टिकतीलच असेही नाही. शिकागोची ‘गूस आयलंड’ २०११ साली बडवायझरवाल्यांनीच विकत घेतली. पाटी तीच, मालक निराळा. ‘अँकर’ २०१७ साली एका जपानी कंपनीकडे गेली आणि २०२३ साली तिथली भट्टी थंडावली. आपल्याकडे पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ निघाली. गंमत अशी की, हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलेला. देवळालीच्या छावणीत कंटाळून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या शिपायांसाठी तो वापरीत. निदान तिथे भांडी गिऱ्हाइकासमोर असतात आणि काय शिजते ते विचारता येते.

मी दोन्ही चाखलेल्या आहेत, आणि ते आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे. म्हणून पिणाऱ्यांना एवढेच सांगतो : प्यायचीच असेल तर थोडी प्या, पण खरी प्या, आणि डब्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. आणि न पिणाऱ्यांनो, तोच चष्मा या दिवाळीत मिठाईच्या खोक्यावरही लावा.